फिरकी कुणी धरली

इतवारा, बुऱ्हाणपूर
दि. ३० जानेवारी

चि. विमल हिस सोजरअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुला एक थोरली बहीण आहे, ती बुऱ्हाणपुरात राहते आणि अजून जिवंत आहे, हे कळवायला हे पत्र. तुझ्या घरून निघून आम्हाला बारा दिवस झाले; पोचलात का, एवढं विचारायचंही विसरलीस. फोनचा उपयोग नाही. तुला कमी ऐकू येतं, आणि तू सगळ्यालाच हो म्हणतेस. म्हणून मी सांगते आणि आमचे गुरुजी लिहितात. अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या लेकरांना अक्षरं शिकवली, मला शिकवायला फुरसत झाली नाही. आता भोगू दे.

अहमदाबाद मनात भरलं माय. दोघंच कुठे गेलो ते लग्नानंतर पहिल्यांदाच. तुझ्या झोपाळ्यावर कोवळ्या उन्हात फाफडा खाल्ला. नदीकाठच्या पायऱ्या उतरताना गुरुजींनी माझा हात धरला, तोही भर गर्दीत. हे मी लिहा म्हटल्यावर ते लाजलेत.

पण त्यांना विचारशील तर अहमदाबादेत एकच जागा आहे, तुझी गच्ची. दूधवाला आला, त्याला पतंगाची गोष्ट. मी गॅस संपला म्हटलं, तर मला पतंगाची गोष्ट. विमलसारखी मांजाची फिरकी कुणी धरत नाही म्हणतात, ढील कधी द्यायची ते तिला सांगावंच लागत नाही म्हणतात. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस! आणि माझी संक्रांत गेली खाली बसून उंधियूच्या भाजीसाठी पापडीच्या शेंगा निवडण्यात. चार माणसं जेवायला आणि गोणीभर पापडी, कशाला वं?

तुझा लेक चेतन केळीच्या सौद्यासाठी इथे जवळ शाहपुरला आलाय, त्याच्याजवळ आमच्याकडची मिठाई, दराबा, देते आहे. तुपाचा आहे, थिजला तर उन्हात ठेव.

तुझी, अजून तरी तुझीच,
सोजरअक्का

ता. क. वरचा मजकूर तिचा. मी एक शब्दही बदललेला नाही. ती दोनदा वाचून घेते. – दत्तात्रय

मणिनगर, अहमदाबाद
दि. १० फेब्रुवारी

ती. दाजींना विमलचा सा. न. वि. वि.

अक्काचं पत्र वेगळं आहे, ते तिला वाचून दाखवा. हा कागद तुमच्यापुरता.

तिचा राग खरा आहे. पापडी मीच मुद्दाम जास्त आणवली. तिचे गुडघे दुखतात, जिने चढू देऊ नका, असं मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेही खोटं. तिने कसलीच तक्रार केली नव्हती.

ह्यांना जाऊन चार वर्षं होत आली. तीस संक्रांती मी ह्यांची फिरकी धरली. मागच्या तिन्ही वर्षी गच्चीचं दारसुद्धा उघडलं नाही. यंदा तुम्ही पतंग चढवलात, दोरा हातातून सरसर गेला, आणि मी घडीभर डोळे मिटले. तेवढ्यापुरते हे होते. अक्का वर आली असती तर फिरकी तिच्या हाती द्यावी लागली असती.

पण तुम्ही दर पतंगाला कठड्यावरून वाकून तिला हाक मारायचात, सोजर, बघ तरी म्हणून, आणि ती खालून तुमच्यावर डाफरायची. त्या डाफरण्याचा मला फार हेवा वाटला. मी कुणावर डाफरू?

तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि माहेर म्हणून मला तीच उरली आहे. कागद फाडून टाका. माया आटू देऊ नका.

आपली,
विमल

इतवारा, बुऱ्हाणपूर
दि. १९ फेब्रुवारी

चि. विमल हिस आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, मोजके.

वि. वि. अक्षर वेगळं दिसेल. आमच्या वरच्या मजल्यावरची तृप्ती लिहिते आहे, गुरुजी दाढीला गेलेत. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं. पाकिटातून दोन कागद निघाले. गुरुजींनी एक वाचला, दुसरा डायरीत सरकवला. तुझा कागद त्यांच्याने फाडवला नाही, मला सांगवलाही नाही. तीन दिवस डायरी उशाखाली. मी जेवले नाही नीट. शेवटी तृप्तीकडून वाचून घेतला.

राग आला. खोटं कशाला सांगू, अजून आहे. पापडीचा नाही एवढा गुडघ्यांचा. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, या माणसाला माझा हात धरावासा वाटला. तोही तुझ्या सांगण्यावरून निघाला!

डोळे मिटलेस ते मिटलेस. दोरा आमचा असला तरी माणूस तू तुझंच आठवलंस. त्यात माझं काही गेलं नाही, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगते. दुपारपर्यंत पटतं.

आणि तुझं तोंड बघणार नाही हे तुला कुणी सांगितलं? न बघून भांडू कुणाशी? डाफरायला माणूस नाही म्हणतेस, तर मी काय मेले? पत्रात डाफर, पाकीट तृप्तीच्या नावाने टाक, ती वाचून दाखवेल. पुढच्या संक्रांतीला आम्ही येऊ. सकाळी फिरकी तू धर, जेवण झाल्यावर मी. ढील कधी द्यायची ते मला शिकव. अक्षरं राहिली, एवढं तरी येऊ दे.

एकच कर. माझे गुडघे धडधाकट आहेत हे गुरुजींना तुझ्या कागदावरून कळलंय, तरी परवा इतवाऱ्याच्या बाजारातून येताना त्यांनी हात धरलाच. मला काही कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

रागासकट तुझीच,
सोजरअक्का

ता. क. चेतन पुन्हा येईल तेव्हा त्याच्याजवळ पापडी पाठव. गोणीभर. एकेक शेंग शिरा काढून, तुझ्या हाताने निवडलेली.