दिवेलागणीच्या आत

सोमवार, ८ फेब्रुवारी १९४३

आज पुन्हा कुळित्तलैलाच थांबलो. ऊन अजून नारळाच्या शेंड्यांवर होतं. करूर गाठता आलं असतं, आरामात! पण तिथे पोचेपर्यंत दिवेलागण झाली असती. लॉरीवरच्या सांबशिवाला म्हटलं, गॅस प्लांटचा फिल्टर तुंबलाय, साफ करायला हवा. तो नुसता बघत राहिला. फिल्टर त्यानेच सकाळी धुतला होता.

पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून लॉरीच्या कुशीला ही कोळशाची भट्टी टांगलेली आहे. तिचा मला भयंकर राग येतो. पहाटे उठून कोळसा भरा, पेटवा, हाताने पंखा फिरवा, गॅस धरेपर्यंत तिची मनधरणी करा — मग कुठे बाईसाहेब खोकत खोकत निघणार. चढ आला की रुसणार. पण हल्ली तिचाच मोठा आधार आहे. कुठेही थांबावं आणि दोष तिच्यावर ढकलावा.

कारण खरं ते असं — सूर्य बुडाला की मला दिसत नाही. लिहून टाकलं एकदाचं! दिवसा आभाळातली घार टिपीन. पण सांज झाली की समोर कोणीतरी कांबळं धरल्यासारखं होतं. दिव्याखाली बसून हे लिहिता येतं, दिव्यापलीकडे काही नाही. सांबशिव सोडून कोणाला ठाऊक नाही. बायकोला, भागीरथीलाही नाही. ठाऊक होऊ द्यायचंही नाही. चाक हातातून गेलं तर मी करू काय? दुसरं येतंच काय मला?

बुधवार, १० फेब्रुवारी

कोइमतूर. तांदळाची पोती उतरवायला हमाल नाहीत. उद्या या म्हणे! गोदामाच्या दारात दिवसभर येरझाऱ्या घातल्या. बसून राहणं मला जमतच नाही. पायाला नुसती भिंगरी. लॉरी चालू असली की डोकं शांत, थांबली की डोक्यात भट्टी पेटते.

सांबशिव मात्र लॉरीखाली सावलीत घोरत होता. माझ्याहून वयाने मोठा, नावाला क्लीनर. लॉरीचा प्रत्येक नट त्याला ओळखतो आणि त्याने जन्मात कधी चाक धरलेलं नाही. "भीती वाटते, राव," म्हणतो. आम्हां तंजावूरच्या मराठ्यांना इथे सगळे 'राव'च म्हणतात, मग खिसा रिकामा का असेना.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

परतीचा माल सरकीचा. करूरलाच उशीर झाला होता. तिथेच मुक्काम करायला हवा होता, पण माझं डोकं फिरलं — कोइमतूरला दोन दिवस फुकट गेले, आता आणखी एक संध्याकाळ कुठे बसून काढू? म्हटलं, चल. नेहमीसारखा सांबशिव शेजारी बसून सांगू लागला. इडदु — डावीकडे. वलदु — उजवीकडे. पुढे माणूस. पुढे म्हैस. हे आमचं गेल्या पावसाळ्यापासून चाललंय. बाहेरून कोणी ऐकलं तर वाटावं म्हातारा आपल्याशीच पुटपुटतोय.

कावेरीच्या काठचा रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. सांबशिव खोकला. तेवढाच. त्या खोकल्यात एक बैलगाडी निसटली.

धडक नव्हे, घासली. पण गाडी कलंडली, पेंढा सगळा रस्त्यावर, आणि पेंढ्यावर बसलेली म्हातारी पेंढ्यासकट खाली! मी उडी मारून उतरलो आणि काय केलं? गाडीवानालाच शिव्या दिल्या! कंदील नाही, गाडीला कंदील लावायची अक्कल नाही, असं ओरडलो. तो बिचारा हात जोडून उभा. म्हातारी उठून बसली, केसातला पेंढा काढत म्हणाली, "कत्तादे अप्पा, मी जिवंत आहे." ओरडू नको बाबा, म्हणजे!

तिला काही लागलं नव्हतं. मी खाली वाकून पेंढा गोळा करू लागलो.

पेंढा भरून झाल्यावर सांबशिव म्हणाला, "राव, तुम्ही हाताने चालवता आणि मी जिभेने. एक दिवस माझी जीभ चुकणार."

रविवार, १४ फेब्रुवारी

घर. लेक सरोजा गळ्यात पडली. आता सहावं लागलं तिला. कोइमतूरहून काय आणलं? काही नाही आणलं. रुसली. मग लॉरीचा भोंगा वाजवायला नेईन म्हटल्यावर हसली.

गंगाआत्याने माझे डोळे बघून कपाळाला हात लावला. "रघू, डोळे बघ कशे लाल झाले! उष्ण चढलं. शनिवारचं तेल काय म्हणून घालून घेईनास तूं?" आत्याचं सगळं तेलापाशी येऊन थांबतं. ताप आला तेल, झोप नाही तेल, इंग्रज जात नाही — त्यालाही बहुधा तेलच सांगेल.

शेषाद्री अय्यंगारांकडे हिशोबाला गेलो. लॉरीचे मालक. कपाळावर नाम, तोंडात हरी, आणि फेरी एक दिवस लांबली की तोंडचा हरी जातो. म्हणाले, "रघोजी, लायसन संपतंय तुझं. सत्तावीस तारखेला ब्रेक इन्स्पेक्टरपुढे उभं राहायचं. नवा माणूस आहे. या वेळी डोळे बघतो म्हणे."

डोळे!

मंगळवार, १६ फेब्रुवारी

झोप नाही. जेवण जात नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी

तिरुचीच्या पुढे एका लॉरीवाल्याला सहज विचारलं, इन्स्पेक्टर डोळे कसे बघतो? तो म्हणाला, सकाळी बोलावतो, लांबच्या मोटारीचा नंबर वाचायला लावतो. दुसरा म्हणाला, छे, संध्याकाळी बोलावतो, कारण आता लढाईमुळे दिव्यांना झाकणं लावून चालवायचं असतं ना! दोघांची जुंपली. मी चहा तसाच टाकून उठलो.

सकाळी असेल तर मी जिंकलो. संध्याकाळी असेल तर संपलो. कोणाला विचारू? विचारलं तर म्हणतील, याला एवढी पंचाईत का?

गुरुवार, २५ फेब्रुवारी

कळलं! शेषाद्रींच्या गुमास्त्याने सांगितलं — सकाळी, करंदैच्या मैदानावर. देव पावला. आता काळजीचं काहीच नाही, तरी बसवत नाही. उगाच चारदा दाराबाहेर जाऊन आलो. भागीरथी म्हणाली, "काय हो, घर चावते काय तुम्हांस?"

शनिवार, २७ फेब्रुवारी

माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही!

पहाटे उठलो. आज शनिवार, म्हणजे पुरुषांच्या न्हाणाचा दिवस. आत्या वाटी घेऊन तयारच होती. "एवढं मोठं काम आणि न न्हातां जातोस? डोळ्यांत दोन थेंब एरंडेल घालतें, आरशासारखं लख्ख दिसेल बघ." मला वाटलं, होऊन जाऊ दे! तेवढंच बळ. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते करतो. दोन थेंब म्हणता म्हणता आत्याने पळीभर ओतलं. वर शिकेकाई! ती डोळ्यांत गेली. भागीरथी तांब्यावर तांबे ओततेय, मी थयथयाट करतोय, सरोजा टाळ्या पिटतेय.

डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात. घातलं!

मैदानावर पोचलो तेव्हा सगळं जग तुपात बुडालेलं. डोळे लालभडक, पाणी थांबेना. इन्स्पेक्टर म्हणाला, त्या बसचा नंबर वाच. कुठली बस? मला चिंचेचं झाडसुद्धा धड दिसत नव्हतं. त्याने जवळ येऊन माझं तोंड हुंगलं.

"सकाळी सकाळी पिऊन आलास?"

तेल म्हणून सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, डोळ्यांना काय होतंय म्हणून तेल घातलंस? मग पुढे एकेक निघत गेलं असतं. गप्प राहिलो. दारुडा म्हणा, चालेल. आंधळा नका म्हणू.

"तीन आठवड्यांनी ये. शुद्धीवर ये."

रविवार, २८ फेब्रुवारी

आमच्या गल्लीत, सगळ्या मेलवीथीत, बातमी — रघोजी पितो! शेषाद्री दारातूनच म्हणाले, आत येऊ नकोस. आत्याने ऐकलं मात्र, पदर खोचून निघाली. शेषाद्रींच्या तिण्णैवर, भर ओट्यावर उभी राहून तमिळमध्ये गर्जली, "माझ्या भाच्याने पाण्याशिवाय काही प्यालेलं नाही! तेल मी घातलं! माझं तोंड हुंगायला सांग त्या इन्स्पेक्टराला!" शेषाद्री घाबरून आत गेले आणि आतूनच म्हणाले, सरी अम्मा, सरी, बरं बाई, मार्चमध्ये पास झाला तर लॉरी त्याचीच.

हसू आवरेना. आणि घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडलो. का ते ठाऊक नाही.

बुधवार, ३ मार्च

लॉरी गेली. माझ्याशिवाय! कुंभकोणमचा कोणी त्यागराज म्हणून ड्रायव्हर आणलाय. मेलवीथीच्या टोकावरून आवाज ऐकला, गियर असा टाकला की माझे दात दुखले. सांबशिव त्याच्या शेजारी बसला असेल. आता त्याला इडदु-वलदु म्हणायची गरज नाही. झोपत असेल सुखाने.

रविवार, ७ मार्च

घरी बसलोय. सकाळ, दुपार, सकाळ, दुपार. विहिरीचा रहाट दुरुस्त केला. बिघडला नव्हता. भागीरथी रोज अगत्तीचा, म्हणजे हादग्याचा, पाला शिजवते, कीरै — पालेभाजी — म्हणून पानात वाढते. कडू! मी मागितला नव्हता. ती म्हणते बाजारात स्वस्त आहे. शेवग्याचा पालाही असतो. मी शेळी नव्हे, म्हटलं. तर म्हणाली, "शेळीला चश्मा लागतो काय?" आणि आत गेली. बोलायला बरी शिकली आहे!

संध्याकाळी मी तिण्णैवरच बसतो. अंधार पडायच्या आधी बसायचं आणि उठायचं नाही. भागीरथी दिवा आणून ठेवते, नशीब माझं.

बसल्या बसल्या बाबा आठवले. तेही असेच बसत. दिवेलागणीनंतर कोणी कितीही बोलावलं, भजनाला, लग्नाला, तरी जागचे हलत नसत. आम्ही म्हणायचो, खानदानी माणूस, कोणाच्या दारी जात नाही. लोक मान द्यायचे त्याबद्दल. आज एकदम वाटलं —

नको. तो विचार नको.

शुक्रवार, १२ मार्च

सांबशिव आला. त्यागराजाने क्लच जाळलाय. मनातून बरं वाटलं, मग लाज वाटली, मग पुन्हा बरं वाटलं. विचारलं, संध्याकाळी कुठवर जाता? म्हणाला, करूरच्या पुढेपर्यंत. म्हणाला, "राव, कावेरीकाठचे काजवे मी कधी बघितलेच नव्हते. सगळा वेळ तुमच्यासाठी रस्ता बघत होतो." तक्रार म्हणून नाही, सहज बोलला.

तो गेल्यावर मी अंगणात चकरा मारल्या. त्याला काय जातंय बोलायला! चाक माझं आहे. मी नीट चालवीन. दिवसा चालवीन. दिवेलागणीच्या आत थांबेन, रोज, नेमाने. ती म्हातारी पडली तो माझा हट्ट होता, डोळे नव्हे.

असं स्वतःला दहादा सांगितलं.

शनिवार, २० मार्च

पास! पास! पास!

आत्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आज वाटी बाहेर दिसली तर मी काशीला जाईन. कोरड्या डोळ्यांनी गेलो. इन्स्पेक्टरने बसचा नंबर विचारला, मी सांगितला. बसच्या टपावर कोंबड्यांची पाटी होती, तीही सांगितली. पाटीतली एक लंगडी होती, तेही! इन्स्पेक्टर हसला. म्हणाला, गरुडाचे डोळे आहेत रे तुझे. शिक्का मारला.

शेषाद्रींनी केळ्यांची फणी दिली. परवा सोमवारी लॉरी माझी, माल कोइमतूरचा. लॉरीपाशी जाऊन तिच्या पत्र्यावर हात फिरवला. त्या भट्टीवरसुद्धा! सांबशिव कोळसा चाळत होता. म्हटलं, झालो पास. "बरं झालं, राव," म्हणाला, आणि चाळतच राहिला. मान वर केली नाही.

करू दे काय करायचं ते. सोमवार कधी येतो असं झालंय.

रविवार, २१ मार्च

सांज. मी तिण्णैवर, सोमवारचं बोचकं बांधून शेजारी. सरोजा शेजारून ताक घेऊन येत होती. मला दिसली नाही, ऐकू आली. पावलं सावकाश, फरपटत, थांबत. मग भांड्याचा आवाज, मग ती. खांबावर आपटली. तो खांब ती जन्मल्यापासून तिथेच आहे.

मी ओरडलो, नीट बघून चालता येत नाही? भागीरथी दिवा घेऊन बाहेर आली. म्हणाली, "रागें भरूं नका. लई महिने झाले, सांज झाली कि अशीच चालते. मज वाटलं, तुमची नक्कल करते."

उद्या कोइमतूर नाही. उद्या तिला इस्पितळात नेतो. डॉक्टर विचारतील, घरात आणखी कोणाला आहे? सांगणार.