रुमालाखालचा भाव

१२ ऑगस्ट
मांडीतली गाठ परत आली. मागं बैलानं लाथ मारलेली, त्याचीच सूज म्हणून अंगावर काढली. मग चौसाळ्याला एका डॉक्टरनं चरबी म्हणून कापली. काढलेला गोळा तपासायला धाडायचं त्याला सुचलं नाही, मलाही नाही. बाजारात दुसऱ्याच्या बैलाचे दात, खूर, शेपूट बघणारा मी दलाल. स्वतःची मांडी न बघता देऊन बसलो.

२० ऑगस्ट
संभाजीनगर. गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट. सार्कोमा. मांसातला कॅन्सर. डॉक्टर बाई म्हणाल्या, गाठ केवढी, किती खोल, किती जहाल, कापल्यावर कडा स्वच्छ येतात का, सगळं त्यावर. माझी मोठी, खोल, जहाल. आधीच्या कापाकापीनं काम अवघड केलंय. फुप्फुसं मात्र साफ.
सुनंदा बाहेर बाकावर रडली. मला रडू नाही आलं, संताप आला.

२३ ऑगस्ट
थोरला भाऊ आलता. "बैलं इकून टाक. आता कशाला पायजे बाजार?"
"आन्ना, मी मेलो न्हाई अजून. दावणीला हात लावून बघ."
चहा न पिता गेला. जाऊ दे.

२ सप्टेंबर
उद्या ऑपरेशन. बाईंना विचारलं, वाचायची आशा किती? म्हणाल्या, असा आकडा सांगता येत नाही. मग खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात पुढं केला. "आमच्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत. दहातले किती वाचतात, तेवढी बोटं धरा. तिसऱ्याला कळणार न्हाई."
आधी हसल्या. मग रुमालाखाली हात घालून माझी बोटं धरली.
भाव कमी होता. पहिल्या भावाला मी जन्मात हो म्हटलेलं नाही. मीच त्यांचं आणखी एक बोट दाबलं. बाईंनी हात काढून घेतला नाही.
सुनंदा समोरच उभी होती.

१३ सप्टेंबर
पाय शाबूत. मांडीत हा खड्डा. कडांचा रिपोर्ट आज येणार होता, आता सोमवारी म्हणे. बैल एकही विकलेला नाही. आन्नाचा फोन, उचलला नाही.
जेवण झाल्यावर सुनंदानं रुमाल स्वतःच्या हातावर टाकला.
"बाईंनी किती धरली, सांगा."
तिची पाचही बोटं धरली.
"खोटं. दलालाची बायको हाय मी."
"मग तुझा भाव बोल."
तिनं दुसरा हातही रुमालाखाली घातला, माझे दोन्ही हात धरले. दहाच्या दहा. मी कमी कर म्हटलं नाही.