कॉलरला टाचलेले अर्थ

मंगळवार, ता. १२

प्रिय ताईस,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. माझा खोकला गेला. तुला आणि भावोजींना रविवारी इथे येऊन मला हॉटेलच्या काउंटरवर बसलेलं बघायचं आहे, हे वाचून आनंद झाला. पण काउंटरसमोरचा सोफा दुरुस्तीला गेला आहे. तुम्हाला उभं राहावं लागेल. पुढच्या महिन्यात आलात तर बरं.

अभ्यास चालू आहे. आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा तू म्हणालीस, इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांना घाबरू नकोस, दोन-दोन छोट्या शब्दांच्या जोड्या सांभाळ. खरं आहे. 'टेक ऑफ' म्हणजे विमान उडणं, एवढंच मला ठाऊक होतं. पण कोट उतरवला तरी तेच, सुट्टी घेतली तरी तेच, कुणाची नक्कल केली तरी तेच. 'मेक अप' म्हणजे तोंड रंगवणं, भांडण मिटवणं आणि न घडलेलं रचून सांगणं. एक अर्थ पाठ करावा तर दुसरा मागे येऊन उभाच.

त्यासाठी मी एक पद्धत काढली. आमच्या लॉंड्रीत प्रत्येक कपड्याला खोलीच्या नंबराची कापडी चिठ्ठी टाचलेली असते. इस्त्रीच्या वेळी चिठ्ठ्या काढून क्रमाने डब्यात ठेवायच्या आणि नंतर त्याच क्रमाने परत टाचायच्या. तसल्याच कोऱ्या चिठ्ठ्यांवर मी एकेक जोडी लिहिली, मागे अर्थ. डबाही तसलाच घेतला.

तिथेच घोळ झाला.

काउंटरच्या जागेसाठी मुलाखत होती, त्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर माझा नंबर दुसरा होता. लिफ्टवाला आत गेला होता. शेवटची उजळणी करावी म्हणून खिशातून चिठ्ठी काढली, तर तीवर २१४. दुसरी काढली, ३०६. निघताना मी भलताच डबा खिशात रिकामा केला होता. इस्त्रीवाले काका इंग्रजी वाचत नाहीत, ते फक्त क्रम बघतात. त्रेचाळीस शर्टांच्या कॉलरला माझा अभ्यास टाचून त्यांनी गठ्ठा बांधला होता.

थांबलो असतो तर पाचच मिनिटांत मला आत बोलावलं असतं. मी खाली पळालो.

क्रम तर खिशातच मोडला होता. मग प्रत्येक दार वाजवणं आलं. पहिले दोन मजले मी योग्य जोडी शोधत, अडखळत राहिलो. तिसऱ्यापासून शर्ट समोर धरून नुसतं 'युवर्स?' म्हणू लागलो. सगळ्यांना कळलं.

एका म्हाताऱ्या पाहुण्यांच्या कॉलरवर 'गिव्ह अप' होतं. त्यांनी विचारलं, "हा हॉटेलचा सल्ला आहे का?" मी त्यांना सगळे अर्थ सांगितले: हार मानणं, सवय सोडणं, दुसऱ्याला जागा करून देणं. ते हसत सुटले आणि चिठ्ठी ठेवून घेतली. मी कोणत्या भाषेत बोललो ते आठवत नाही, ताई. इंग्रजीतच असणार, कारण त्यांना दुसरी येत नव्हती.

शेवटचा शर्ट अडीचला पोचला. तोवर काउंटर लिफ्टवाल्याला मिळालं होतं. त्याला तीनच जोड्या येतात, पण तिन्ही तो बेधडक वापरतो. पुढची जागा वर्षाने. काका म्हणाले, "पंतोजी, चूक माझी म्हणून साहेबांना सांगतो." मी नको म्हटलं. डबा माझा होता. आता त्याला लाल रंग दिला आहे.

सोफा जागेवरच आहे. पत्रात खाडाखोड मला आवडत नाही, म्हणून वरचं तसंच ठेवतो. मागच्या पत्रात 'झालंच म्हणून समज' असं मी लिहिलं आणि तू ते सासूबाईंना सांगून बसलीस, याचं जास्त वाईट वाटतं. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मला सुचत नाही.

पण रविवारी या. मागच्या दाराने या, पायऱ्या उतरल्या की उजवीकडे. भावोजींना कोट घालून यायला सांग. चुरगळलेला असला तर फारच उत्तम.

अजून लॉंड्रीतलाच,
तुझा धाकटा