बिट्टूच्या दातांना मशेरी

७ जानेवारी १९९७, सकाळ
नातीचा, पूर्वीचा कुत्रा बिट्टू आज पुन्हा माझ्याच पायाशी झोपला. सूनबाई देवश्री त्याला केक भरवते, पण येतो आजीकडे! पामेरियन म्हणे. मुठीएवढा जीव, पण गुणाचा. फक्त तोंडाला घाण वास. तर देवश्रीने टूथपेस्ट आणली. कुत्र्याची! माझ्या सासऱ्यांनी महाराजांच्या सरकारी पागेत घोडे सांभाळले, कुणी पेस्ट लावली त्यांना? आणि ही एम. ए. झालेली. उद्यापासून दातांचं खातं माझ्याकडे.

८ जानेवारी
सगळे गेल्यावर बिट्टूच्या हिरड्यांना चिमूटभर मशेरी चोळली. घरची, तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून कुटलेली. मी लग्नापासून लावतेय, दाढ हलली नाही. पडल्या त्या पडल्या. बिट्टू शिंकला, मग सोफ्यावरून टीपॉयवर असा सुटला! केवढी तरतरी! शेजारच्या गुजराती शालिनीबेनला कौतुकाने सांगितलं, तर म्हणते, रखमाबा, ए तो तमाकु कहेवाय. भाजल्यावर तंबाखू राहते का? हिचा नवरा गुटखा थुंकून जिना लाल करतो, आणि ही मला शिकवणार.

१० जानेवारी
चिमटीने काही होत नाही. आज बोट भरून लावली, वर खाली, आत बाहेर. संक्रांतीला, उतरायणला पाहुणे येतील तेव्हा दात मोत्यांसारखे हवेत.

तीच तारीख, संध्याकाळ
दुपारी बिट्टूच्या तोंडाला लाळेची धार. ओकाऱ्या. पाय लटलटा. सूनबाईचा केक, दुसरं काय! रिक्षाने सगळे निजामपुऱ्याला, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर कसला, पोरगा. विचारतो, तंबाखू गेली का पोटात? म्हटलं, आमच्या घरात कुणाला व्यसन नाही. पुन्हा म्हणतो, नक्की सांगा बा, नाही तर कुत्रा हातचा जाईल. पूर्वी हमसून हमसून रडते, मी गप्प. तोंडात मशेरी होती, बोलणार कशी? मग बिट्टूला झटका आला. तेव्हा मात्र खिडकीतून थुंकले आणि सांगून टाकलं, मशेरी लावलीय, पण ती औषधी. त्याने कपाळावर हात मारला. सलाईन, इंजेक्शनं. आज रात्रभर तिथेच ठेवणार. देवश्री वाटेत एक अक्षर बोलली नाही. एवढं शिकून बोलायचंसुद्धा कळत नाही.

११ जानेवारी, पहाट
डोळा लागला नाही. बिट्टूसाठी मशेरी सोडली. कायमची. मी मनावर घेतलं की झालंच.

दुपार
डोकं फुटतंय. पोट साफ नाही. भाजीवालीशी भांडले, पूर्वीवर खेकसले. शेवटी देवश्रीनेच डबी आणून हातात ठेवली. म्हणाली, लावा आई, आम्हाला जगू द्या. आगाऊ. थोडीशीच लावली. हळूहळूच सोडायची असते.

संध्याकाळ
बिट्टू आला! आपल्या पायांनी! डोळे भरून आले. हात पुढे केला. त्याने बोटं हुंगली, मागे सरकला आणि सूनबाईच्या मांडीवर जाऊन बसला. परदेशी जात, माणसं कुठली कळायला? परत हाक मारली.
आला नाही.