सीटखालचा कॉक

चौक, माघ महिना, सन १९४६

चिरंजीव पोपटास तुझ्या आजीचा आशीर्वाद.

तू लढाईत बेपत्ता झालास असं सरकारनं कळवलंय, तवा हे पत्र टाकायचं तरी कुठं? तरी लिहिते.

तू गेल्यापासून दारात उभी असलेली तुझी लॉरी विकायला काढलीय. घेणारा खोपोलीचा हाय, पण आधी चालू करून दाखवा म्हणतो. आबाजी मिस्त्रीनं नवं पेट्रोल ओतलं, कार्बोरेटर खोलून धुतला, हँडल मारून मारून घामाघूम झाला.

"आजी, टाकी भरलीय नि कार्बोरेटर कोरडा. पेट्रोल मधेच कुठंतरी अडतंय. गाडी रुसलीय."

"रुसायला ती काय तुझी बायको हाय?" मी म्हणाले. कुठं अडतंय ते मला ठाऊक होतं. जाताना तू सीटखालच्या फळीमागचा पेट्रोलचा कॉक बंद केलास नि म्हणालास, "मी येईस्तोवर कुणाला सांगू नको." दोन दिवस मी नाय सांगितलं.

काल तुझी बायको ठकू खडी फोडून घरी आली. तळहात असे सोललेले, की तिला भाकरी थापता येईना. तुमची पोरगी उपाशी रडत होती.

मग मीच लॉरीत चढले, फळी सरकवली, कॉक उघडला. आबाजीनं हँडल मारलं, तशी लॉरी धडधडली.

आवाज ऐकून ठकू चुलीपासनं उठून धावत बाहेर आली, सीटवर कोण बसलंय ते बघायला.

मी बसले होते.

तुझी आजी,
भागूबाई