मांजरपाटाचा खप

भिलाई, मे १९६०

तीर्थरूप आईस, पंजाबचा दंडवत.

मी बरा आहे. खानावळीत जेवतो, पाणी उकळून पितो. तुझे गुडघे कसे आहेत?

देवरावमामा हिराला इकडे आणून सोडणार, असं तू कळवलंस. त्याआधी इथली गोष्ट ऐक.

आमच्या मोठ्या भांडारात कोणता माल किती खपला, दुर्गच्या बाजारात भाव काय आणि गिऱ्हाईक काय मागतं, हे जमवून मी साहेबांना देतो. त्यावरून ते पुढचा माल मागवतात. या महिन्यात मांजरपाट फार खपला. साहेब खूश होऊन म्हणाले, "लोग गर्मी के कपड़े सिलवा रहे हैं। दुगुना मँगवाओ।"

मी मान खाली घालून वहीत आकडा लिहू लागलो. शेजारी बसणारा फकिरा हळूच म्हणाला, "सांग ना बा साहेबाले, कावून गप बसला?"

मग मी सांगितलं, की आमच्या वस्तीत पटकीची साथ आहे आणि लोक ते कापड कफनाला नेतात. माझी कांता गेली तेव्हा मीही इथूनच नेलं होतं.

साहेबांनी मागणीचा कागद पुढे ओढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "फिर तो मँगवाना ही पड़ेगा।" माल दुपटीनेच येतो आहे.

म्हणून मामाला थांबव. हिरा तिकडेच राहू दे.

पोर आईबद्दल विचारत असेल. तू काही सांगू नकोस. ते मी येऊन सांगीन.

तुझा,
पंजाब