लिस्बनला निघालेलं माझं नाव

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार

जेवण झाल्यावर सगुणने मेजावर कागद ठेवले. "आये, सही तेवढी कर गे." माझा जन्म लिस्बनला नोंदवायचा आहे म्हणे! पोर्तुगीज अमदानीत पेडण्यात जन्मलेली मी, म्हणून मी त्यांची. आणि माझा मुलगा म्हणून तोही त्यांचा. मग पासपोर्ट, मग इंग्लंड. सुनेचा भाऊ तिकडे गोदामात कामाला आहे, तो जागा बघून ठेवणार. माझ्या वडिलांची नोंद कधी झालीच नव्हती, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर.

खाणी बंद झाल्यापासून सगुणचा ट्रक अंगणात उभा आहे. चाकावर दुधीचा वेल चढलाय. पोरगा चिडत नाही, हेच जास्त लागतं.

मी म्हटलं, वाचून मग सही करीन. तो हसला. "बाबांनी तुला पेपर आणून दिले, ती चूकच झाली."

अक्षरं मी धाकट्या भावाच्या पाटीवर गिरवली. मुक्तीनंतर गावात शाळा आली तेव्हा मी नऊ वर्षांची, कडेवर धाकटं भावंड. पण शाळा आली म्हणून पाटी घरात आली. आणि पुढे हे रोज कामावरून पेपर घेऊन आले. दोघांचे उपकार आहेत – सरकारचे आणि ह्यांचे.

७ फेब्रुवारी

वाचनालयातून नागरिकत्वाच्या कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. कलम नऊ तीनदा वाचलं. आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की इथलं संपलं. मतसुद्धा गेलं. सगुणला दाखवलं.

"मत देऊन ट्रक सुरू झालो काय, आये?"

मी पुस्तक मिटलं.

८ फेब्रुवारी

ह्यांची तिथी. घावणे केले. तीन वर्षं झाली, अजून ताट मांडताना हात एक जास्त घेतो.

१० फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाववाल्या पोदेराची वाट बघत शेजारचे गोकुळदास बाकावर बसलेले. तलाठी होते, आता निवृत्त. पाव येईपर्यंत राज्य चालवतात.

"सरकारानं खाणी बंद केल्यो, आता सरकारानंच पोरांक काम दिवंक जाय."

"विहिरीला लाल पाणी यायचं तेव्हाही तुम्ही सरकारलाच हाका मारत होतात."

"तें वेगळें, चंद्रावतीबाय." मग परप्रांतीयांवर आवाज चढवून, "आणि हे भायले! जंय थंय भायले. तांकां पयलीं परत धाडूंक जाय."

"आमचा सगुण इंग्लंडात भायलोच होणार ना?"

"तो पोट भरूंक वता."

"आणि हे इथं काय, आमचा रथ ओढायला येतात?"

पाव घेऊन गेले. उद्या पुन्हा येतील, माणूस चांगला आहे. ह्यांच्या आजारपणात महिनाभर भाजी त्यांच्याच घरून आली.

पण नंतर मलाच खटकलं. आमचे हे महाराष्ट्रातल्या बांद्याकडचे. अठराव्या वर्षी डिचोलीच्या खाणीवर आले, मग इथे नार्व्याला घर केलं. आणि भांडण झालं की मीच म्हणायची, "तुम्ही भायले, तुम्हांला आमच्या गोव्याचं काय कळणार!" हे हसायचे. "होय गे बाये, तुझ्या राज्यात इलंय, संबाळून घी."

१३ फेब्रुवारी

सही करायची ठरवली. ह्यांनी पोटासाठी हद्द ओलांडली म्हणून मला हा संसार मिळाला. आता माझ्या नावाने पोराला वाट मिळत असेल, तर मी कोण अडवणार? कायदा मत काढून घेईल. आई तर काढून घेणार नाही.

म्हापशाच्या एजंटला अजून एक हवंय – माझा जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब. तसं एकच माणूस उरलंय. आईची धाकटी बहीण, माहेरच्याच घरात राहिलेली सातार्ड्याची यशोदामावशी. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, पण पेडण्याहून हाकेच्या अंतरावर.

१६ फेब्रुवारी

मावशीकडे जाऊन आले. ऐंशीला टेकली, पण जीभ शाबूत. जबाबाचा कागद वाचून दाखवला – 'पेडणे येथे जन्म'. मला मध्येच थांबवलं.

"पेडण्यात खंय गो? ह्या खोलयेत जल्मलंस तू. पयला बाळातपण म्हायेराकच जाता ना?"

मी थोरली. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी होणारच. हे मला कसं कधी सुचलं नाही? आणि सातार्डा तर कधीच पोर्तुगीजांचं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात वडिलांनी आम्हांला तरीतून नदीपार नेलं. पेडण्याच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, जन्म कुठे? वडिलांनी आपलं घर सांगितलं. मूल बापाच्या घरचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंही नसेल.

मावशीने ती खोली दाखवली. आता तिथे नारळ ठेवतात. मी उंबऱ्यावर बसले थोडा वेळ. तिने गूळपाणी दिलं.

१७ फेब्रुवारी

सगुणला सांगितलं. त्याने कागद पुढे ओढले. मग म्हणाला, "कोणाक कळतला, आये?"

"मला कळलंय. वडील न कळून बोलले. मी कळून कशी लिहू?"

कागद घेऊन उठला. जेवला नाही. सुनेचे डोळे लाल. पोराची वाट मी बंद केली. तरी सही करावीशी वाटत नाही.

१९ फेब्रुवारी

सगुण पहाटेच्या बसने मुरगावला गेला, बंदरात काही काम आहे का बघायला. जाताना पाया पडला. पोर माझ्यावर रागावलं नाही, हे देवाचं देणं.

२० फेब्रुवारी

मावशीचं एक बोलणं त्या दिवशी लिहवलं नाही. निघताना ह्यांच्याबद्दल म्हणाली, "तुझ्या घोवाक म्हायत होता. लग्नाच्या वर्साकच मियां सांगलंय. म्हणालो, 'तिका सांगू नको, मावशे. गोंयची म्हणून मिरवता ती, मिरवांदे.'"

सदतीस वर्षं मी त्यांना भायले म्हणत आले. आणि ते हसायचे – मला वाटायचं, हार मानून हसतात.